लढाई संपली, पण डिस्चार्ज मिळेना : जावाहून बार्शीला आलेली पत्रे कशी वाचावीत

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाचे आहे ते ध्यानात राहील. बार्शी तालुक्यातील आपल्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या पत्रांचा गठ्ठा सापडला. पत्रे १९४५ च्या पावसाळ्यानंतरची आणि १९४६ मधली आहेत. पाकिटावर चौथ्या मराठा पलटणीचे नाव आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा (फौजेबरोबरच्या टपाल कचेरीचा) नुसता क्रमांक आहे, आणि एका पत्रात ‘जावा’ हा शब्द स्पष्ट वाचता येतो. पहिल्या पत्रात ते गड्ड्याच्या जत्रेपर्यंत (सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेपर्यंत) घरी येतो म्हणतात, नंतर आषाढीच्या आत, नंतर दसऱ्याला. प्रत्यक्षात घरी पोहोचले ते १९४६ सरता सरता. महायुद्ध ऑगस्ट १९४५ मध्येच संपले होते, त्यामुळे ‘त्यांचे मन तिकडेच रमले होते’ अशी कुजबुज घरात दोन पिढ्या चालत आली आहे. पत्रांचा मायना पणजोबांच्या वडिलांच्या नावाचा आहे आणि पणजीसाठी मायेचा एक शब्द सापडत नाही, ही आपली खंत आहे. ते खोटे लिहीत होते का, ही पत्रे पणजीला होती असे म्हणता येईल का, कागद कसे जपावेत आणि अधिक माहिती कोठे मिळेल, असे आपण विचारले आहे.

सोलापूर जिल्ह्यातील फौजी घरांतली जुनी कागदपत्रे लावून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावर आणि आपण पाठवलेल्या छायाचित्रांवर विसंबून सांगतो, की पणजोबा खोटे लिहीत नव्हते. आपण कधी सुटणार हे त्यांना ठाऊकच नव्हते. आणि पत्रे पणजीलाच होती, फक्त ती तिच्यापर्यंत ज्या वाटेने पोहोचणार होती त्या वाटेला साजेशी लिहिलेली होती.

आधी तारखांचे पाहू, कारण घरातल्या कुजबुजीचे मूळ तिथेच आहे. जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली आणि २ सप्टेंबरला तिच्यावर सह्या झाल्या. गावाकडच्या माणसाच्या दृष्टीने लढाई त्या दिवशी मिटली. चौथ्या मराठा पलटणीची मात्र मिटली नाही. ही पलटण तेविसाव्या हिंदी (म्हणजे भारतीय) डिव्हिजनच्या एकोणपन्नासाव्या ब्रिगेडमध्ये होती. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या ईशान्येला सांगशाक येथे तिने जपान्यांशी अत्यंत कठीण झुंज दिली होती. शरणागतीनंतर ही डिव्हिजन आधी मलायात उतरली आणि मग जावा बेटावर गेली. तेथील जपानी सैन्याची हत्यारे काढून घेणे आणि छावण्यांत अडकलेले युद्धकैदी व डच बायकामुले सोडवणे, एवढेच काम कागदोपत्री होते. परंतु १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि डच राज्य परत आणण्यासाठीच ही फौज आली आहे अशी तेथील तरुणांची खात्री झाली होती. एकोणपन्नासावी ब्रिगेड २५ ऑक्टोबरला सुराबाया बंदरात उतरली, २८ ऑक्टोबरला शहरभर विखुरलेल्या तिच्या तुकड्यांवर हल्ले सुरू झाले आणि ३० ऑक्टोबरला खुद्द तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरला तेथे मोठी लढाई जुंपली; इंडोनेशियात तो दिवस आजही वीरदिन म्हणून पाळला जातो. हिंदी पलटणी जावातून पूर्णपणे निघाल्या त्या नोव्हेंबर १९४६ अखेर.

आता पणजोबा घरी पोहोचल्याची वेळ या हकिकतीशेजारी ठेवून पाहा. ते पलटणीबरोबर राहिले आणि पलटणीच्याच आगेमागे सुटले, याहून वेगळे काही त्यातून निघत नाही.

हा निव्वळ तर्क नाही याचा पुरावा आपल्या घरातच मिळण्याचा संभव आहे. ट्रंकेत पदके असतील तर त्यांत जांभळ्या फितीवर मधोमध हिरवा पट्टा असलेले गोल पदक शोधावे. ते जनरल सर्व्हिस मेडल. त्याच्या फितीवर ‘साऊथ ईस्ट एशिया १९४५-४६’ अशा अर्थाची इंग्रजी पट्टी असेल, तर महायुद्ध संपल्यानंतरच्या जावा, सुमात्रा किंवा इंडोचीनमधील कामगिरीबद्दलच ते मिळालेले आहे. जावा-सुमात्रासाठी या पट्टीची मुदत ३ सप्टेंबर १९४५ ते ३० नोव्हेंबर १९४६ अशी आहे. पदकाच्या कडेवर अगदी बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाखाली ती वाचून नंबर उतरवून घ्यावा, कारण पुढच्या सगळ्या शोधात नावापेक्षा तो नंबर अधिक उपयोगी पडतो. एकाच नावाचे शिपाई एका पलटणीत चार-चार असत. कृपा करून पदक चिंचेने किंवा रांगोळीने घासू नका. आपल्याकडे देवाची भांडी घासण्याच्या उत्साहात किती नंबर पुसले गेले आहेत, त्याचा हिशेब नाही.

‘पुढच्या महिन्यात सुटतो’ असे ते पुन्हा पुन्हा का लिहीत होते, हे समजण्यासाठी सुटका कशी होत असे ते पाहावे लागेल. युद्ध संपले तेव्हा हिंदी फौजेत सुमारे २५ लाख माणसे होती आणि ती पुढच्या दोन वर्षांत काही लाखांवर आणायची होती. वय आणि नोकरीची वर्षे पाहून शिपायाचा ग्रुप ठरत असे आणि ग्रुपाचा नंबर लागला की पलटणीत नाव पुकारले जाई. पण नाव पुकारले म्हणजे माणूस सुटला असे नव्हे. बदली माणूस यावा लागे, आणि जहाजात जागा मिळावी लागे. त्याच जहाजांवर इंग्रज शिपाई, सुटलेले युद्धकैदी आणि जपानी सैनिक यांचाही हक्क होता. शिवाय परदेशातून थेट घरी सोडत नसत. आधी मायदेशाचे बंदर, मग बेळगावचे मराठा रेजिमेंटल सेंटर, तेथे डॉक्टरी तपासणी, सरकारी सामान जमा करणे, पगाराचा आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब, आणि शेवटी डिस्चार्ज सर्टिफिकेट हातात. या साखळीतली एक कडी अडली की महिना गेला. शिपायाला यांतले काहीही स्वतः ठरवता येत नव्हते. सुभेदारसाहेबांनी हजेरीच्या वेळी जे सांगितले तेच तो त्या रात्री घरी लिहीत असे, आणि सुभेदारसाहेबांनाही वरून जे आले तेवढेच ठाऊक असे.

या दिरंगाईचा जाच केवळ आपल्या पणजोबांना झाला असे नाही. जानेवारी १९४६ मध्ये हवाईदलाच्या तळांवर आणि फेब्रुवारीत मुंबईला नौदलात जो उद्रेक झाला, त्याच्या कारणांत अन्न आणि वागणूक यांच्या जोडीला सुटकेची रेंगाळलेली कामेही होती. जावातल्या शिपायाची अडचण आणखी नाजूक होती. स्वातंत्र्यासाठी उठलेल्या लोकांवर हिंदी फौज वापरू नये असे काँग्रेसचे पुढारी जाहीरपणे सांगत होते, नेहरूंनी त्याविरुद्ध कडक शब्दांत लिहिले-बोलले होते. आणि आपला जिल्हा तर मे १९३० मध्ये मार्शल लॉ भोगलेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, त्याला तेव्हा पंधरा वर्षेच झाली होती. जावात आपण काय करीत आहोत हे अशा जिल्ह्यातल्या घरी शिपायाने काय म्हणून लिहावे? सेन्सॉरचा शिक्का पत्रावर असो किंवा नसो, गोळीबाराबद्दल अवाक्षर नसण्याला वरिष्ठांच्या कात्रीइतकेच हेही कारण असावे, असे माझे मत आहे. पत्रांत आढळणारे ‘इकडे पाऊस फार’, ‘भात मिळतो, भाकरी नाही’ असले मजकूर म्हणून पोकळ समजू नयेत. ज्याविषयी लिहिण्याची मुभा होती आणि इच्छाही होती, ते एवढेच होते.

आता तारखा लावण्याचे काम. प्रत्येक पत्राला तीन तारखा असतात: शिपायाने मजकुरात घातलेली, फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यातली आणि पाकिटाच्या मागे आपल्या टपाल कचेरीने पत्र आल्यावर मारलेली. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात गावाचे नाव मुद्दाम घालत नसत, फक्त क्रमांक आणि तारीख असे. कोणत्या क्रमांकाची कचेरी कोणत्या महिन्यात कोठे होती याच्या याद्या टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी तयार केलेल्या आहेत, त्यामुळे क्रमांकावरून ठिकाण काढता येते. या तीन तारखा एका वहीत आडव्या मांडा आणि त्यांच्याखाली प्रत्येक पत्रात घरच्या कोणत्या पत्राचे उत्तर आहे ते लिहा. मग दिसेल, की ज्याला आपण टाळाटाळ समजतो ती बहुधा पत्रांची चुकामूक आहे. ‘गड्ड्यापर्यंत येतो’ हे पत्र घरी पोहोचले तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती, घरच्यांनी उलट विचारले, ते उत्तर जावाला पोहोचेपर्यंत पणजोबांची दोन पत्रे निघून गेली होती आणि त्यांत पुढचा वायदा होता. घरच्यांच्या कानी मात्र वायद्यामागून वायदे एवढेच पडले. येण्याचा अंदाज ते इंग्रजी महिन्यांत न देता गड्डा, आषाढी, दसरा असा देतात, हेही लक्षात घ्या. दिवस मोजणारे माणूस पलटणीत नव्हते, घरात होते. पणजीला समजेल असेच ते सांगत होते.

यावरून मुख्य प्रश्नाकडे येतो. पत्राच्या वरती ‘तीर्थरूप आबा यांचे सेवेसी’ असे आहे, म्हणून ते आबांना लिहिलेले आहे, असे समजू नये. त्या काळी एकत्र घरातल्या तरुण सुनेच्या नावाने नवऱ्याने पत्र धाडणे हे वडीलधाऱ्यांचा मान मोडल्यासारखे होते. पुष्कळ घरांत तर पत्र वाचणारा माणूसही घरचा नसे. शाळामास्तर, तलाठी किंवा पोस्टमनच ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवी. नवऱ्याने बायकोचे नाव घेण्याची रीत नव्हती, तेव्हा ती ‘मुलाची आई’ किंवा ‘घरातील मंडळी’ या नावाने पत्रात येते. अशा वाटेने जाणाऱ्या पत्रात मायेचा शब्द उघड असेल अशी अपेक्षा धरणे म्हणजे चावडीवर उभे राहून त्याने तो बोलावा अशी अपेक्षा धरण्यासारखे आहे.

मग काय शोधावे? हुकूम शोधावेत. आपण पाठवलेल्या छायाचित्रांतील एक पत्र, जे तारखेवरून १९४६ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीचे ठरते, येथे उतरवून देतो. नावे गाळली आहेत.

‘आपले पत्र पावले, मजकूर समजला. शाळू कमी आला समजले. बैलजोडी विकू नये. मुलाचे आईस सांगणे की पाटल्या मोडू नयेत, लागेल ते मी इकडून पाठवीन. लुगडे कंट्रोलवर मिळत नाही असे लिहिले, तरी मी आलेवर आणीन. पंचमीस तिला माहेरी जाणे असल्यास गाडी जुंपून द्यावी, चालत पाठवू नये. थोरल्यास मास्तरांकडे बसवावे. पत्र वाचते वेळी घरात सर्वांनी असावे. माझा ग्रुप लागला आहे, आषाढीचे आत येतो.’

हे पत्र कोणत्या दिवसांतले आहे ते आठवा. १९४५ चा पाऊस दख्खनेत दगा देऊन गेला होता आणि १९४६ च्या सुरुवातीला रेशनचे धान्य माणशी दिवसाला १२ औंसांवर आणले गेले होते. सूत आणि कापड यांवर १९४३ पासून नियंत्रण होते, आणि गिरण्यांच्या सोलापूर जिल्ह्यात राहूनही बाईला लुगडे मिळत नव्हते. अशा वर्षी घरात अडचण आली की पहिली नजर जाते ती सुनेच्या अंगावरच्या सोन्यावर. नवरा परदेशी असलेल्या सुनेला त्यात ‘नको’ म्हणण्याची सोय नसते. हे सगळे जाणून पणजोबांनी हजारो कोसांवरून, वडिलांना दुखावेल असा एकही शब्द न लिहिता, पाटल्यांना हात लावायचा नाही असे बजावले आहे. वाक्य ‘मुलाचे आईस सांगणे’ असे सुरू होते हे त्यातले शहाणपण. हुकूम वरवर तिला आहे, पण ऐकायचा आहे सासऱ्यांनी. आणि तूट आपण भरून काढू हेही लगेच सांगितले आहे, कारण दरमहा पगारातून घरी येणारी अलॉटमेंटची मनिऑर्डर ही त्या घरातली एकमेव रोख रक्कम असावी.

पंचमीच्या वाक्याचेही तसेच. सुनेने माहेरी जावे की नाही हे सासू-सासऱ्यांनी ठरवायचे. मुलगा घरी नसताना बहुधा ती जाऊ शकत नसे. पणजोबा परवानगी मागत नाहीत, ती गृहीत धरतात आणि गाडी जुंपण्याच्या तपशिलावर येतात. वडिलांना नकार देण्याची जागाच त्या वाक्यात उरलेली नाही. फौजेत नाईक-हवालदाराच्या हाताखाली काढलेली वर्षे येथे कामी आली असावीत, असे म्हणण्याचा मोह होतो.

‘पत्र वाचते वेळी घरात सर्वांनी असावे’ हे वाक्य आपण आपल्या टिपणात ‘औपचारिक मजकूर’ म्हणून सोडून दिले आहे. माझ्या मते अख्ख्या गठ्ठ्यातले ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. मास्तर ओसरीवर वाचणार, सून आत चुलीपाशी असणार. तिच्या कानी पत्र पडावे म्हणून वाचण्याच्या वेळेला सगळ्यांनी जमावे असे सांगून ठेवले, तर तिला दाराआड येऊन उभे राहण्याचा हक्क मिळतो. पत्र तिला होते का, याचे उत्तर या वाक्यात आहे.

त्याच छायाचित्रात आणखी एक गोष्ट दिसते. पत्र जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले आहे. या पेन्सिलीच्या शिशात रंग मिसळलेला असतो. टोक कोरडे असताना अक्षर करडे उमटते आणि जिभेला लावून ओले केले की गडद जांभळे. त्यामुळे लिहिणाऱ्याने कोठे थांबून पेन्सिल ओली केली ते कागदावर दिसते. या पत्राचा मायना आणि खुशालीचा भाग एका दमात, सारखा फिका होत गेलेला आहे. ‘मुलाचे आईस’ येथे अक्षर एकाएकी गडद झाले आहे आणि ‘आलेवर आणीन’ येथे पुन्हा एकदा. यावरून एवढेच खात्रीने म्हणता येते की या दोन ठिकाणी हात थांबला होता. त्यापुढचे आपण आपल्या मनाशी ठरवावे; लिप्यंतर करताना मात्र या गडद जागांची नोंद अवश्य करा, नुसत्या मजकुराच्या नकलेत ती हरवते. लुगड्याच्या वाक्याच्या आधारे ट्रंकेतही एकदा नीट पाहा. मेणाने नक्षी धरून रंगवलेले तपकिरी आणि निळे सुती कापड, बाटिक, जावात घरोघर होते, आणि तसा एखादा तुकडा ट्रंकेच्या तळाशी निघाला तर ‘आलेवर आणीन’ याचा पुढचा भाग आपल्याला कळेल.

कागद जपण्याविषयी आता. या पेन्सिलीमुळे एक सूचना सर्वांत आधी देणे भाग आहे: पत्रांना पाण्याचा किंवा वाफेचा स्पर्श होऊ देऊ नका. घडी उलगडत नाही म्हणून ओल्या फडक्यात ठेवण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. साध्या शाईसाठीही तो धोक्याचा आहे, आणि या पेन्सिलीचे अक्षर तर ओल लागताच पसरून पानभर जांभळा डाग होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात कागद वाळून पापडासारखा होतो, तेव्हा घड्या उलगडण्याचे काम एप्रिल-मे महिन्यांत करू नये. पावसाळ्याच्या अखेरीस हवेत थोडा ओलावा असताना, जाड कोऱ्या कागदावर पत्र ठेवून एकेक घडी सावकाश उघडावी आणि आडमुठ्या घडीला जोर करू नये. चिकटपट्टी, गोंद, लॅमिनेशन यांतले काहीही नको. लॅमिनेशन केलेले पत्र पुन्हा सोडवणे जवळजवळ अशक्य असते, आणि उष्णतेने कागदाचे आयुष्य कमी होते ते वेगळेच. फाटलेल्या घडीला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने जोडता येते, पण ते जाणत्या हाताचे काम आहे. तोपर्यंत दोन्ही तुकडे एकाच पाकिटात सैल ठेवलेले बरे.

प्रत्येक पत्र आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात, आणि पाकिटे पुठ्ठ्याच्या आम्लरहित डब्यात ठेवावीत. पत्र्याची ट्रंक आठवण म्हणून जपा, पण पत्रे तिच्यात परत घालू नका. गंज आणि माळ्यावरची उष्णता दोन्ही वाईट. कसर आणि वाळवी यांच्यासाठी डबा भिंतीपासून दूर, लाकडाऐवजी लोखंडी कपाटात ठेवणे आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहणे हाच उपाय. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवू नयेत. पत्रांची मूळ पाकिटे फेकू नका आणि त्यांवरची तिकिटे किंवा शिक्के कापून कोणाला देऊ नका. संग्राहक त्यासाठी पैसे देऊ करतात, पण शिक्क्याविना पत्र निम्मे मुके होते.

छायाचित्र काढताना पानाच्या दोन्ही बाजू, पाकीट आणि शेजारी मोजपट्टी असावी. फिकट अक्षरांसाठी खिडकीचा उजेड एका बाजूने तिरपा पडू द्यावा. पेन्सिलीच्या दाबाने पडलेला खळगा सावलीत उमटतो आणि पुसलेला शब्दही बऱ्याचदा लागतो. एक-दोन पत्रांत मोडी आहे असे आपण लिहिले आहे. मुंबई इलाख्यात हाताने लिहिण्यासाठी मोडी शिकवली जात होती, त्यामुळे पलटणीतल्या दुसऱ्या एखाद्या लेखनिकाने ती पत्रे लिहून दिली असण्याचा संभव आहे. अक्षराचे वळण ताडून पाहा. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात, आणि शिकायला वेळ नसेल तर तेथे शिकलेली माणसे सोलापुरात भेटतात.

अधिक माहितीसाठी आधी घरातच डिस्चार्ज सर्टिफिकेट शोधा. त्यात भरतीची व सुटकेची तारीख, सुटकेचे कारण, परदेशातील नोकरी, पदके आणि ‘कॅरेक्टर’ची नोंद असते. सुटकेची तारीख आणि घरी पोहोचल्याची तारीख जुळली नाही तर गोंधळू नका, कारण रिलीजची रजा धरून डिस्चार्जची तारीख पुढची पडते; माणूस घरी येऊन पेरणी करतो आणि कागदावर तो अजून फौजेत असतो. सर्टिफिकेट नसेल तर पदकाच्या कडेवरचा नंबर, नाव, हुद्दा, गाव आणि तालुका लिहून बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा, नात्याचा पुरावा जोडावा आणि धीर धरावा.

सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन मानधन देत आले आहे. पणजीने त्यासाठी कधी अर्ज केला असेल, तर तिच्या नावाच्या फायलीत पणजोबांचा नंबर, पलटण आणि सुटकेचा तपशील एकत्र सापडेल. अशी फाइल म्हणजे पणजीच्या नावाने सरकारदरबारी असलेला बहुधा एकमेव कागद, तेव्हा तिच्या अंगठ्याची किंवा सहीची नक्कल मागून घ्या.

पलटणीची रोजनिशी पाहायची असेल तर आग्नेय आशियातील तुकड्यांच्या युद्धरोजनिश्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यू. ओ. १७२ या मालिकेत आहेत. तेथे शिपायाचे नाव क्वचितच सापडते, पण पलटण कोणत्या दिवशी कोठे होती आणि सुटलेली तुकडी केव्हा जहाजावर चढली ते बऱ्याचदा सापडते. पणजोबांच्या पत्रात एखाद्या सोबत्याच्या मृत्यूचा उल्लेख असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत जकार्ता येथील स्मशानभूमी पाहावी आणि जिल्ह्याचे नाव ‘शोलापूर’ या जुन्या स्पेलिंगने टाकावे. आताच्या स्पेलिंगने काहीच हाती लागत नाही.

शेवटच्या प्रवासाचेही आपण विचारले होते, कारण एका पत्रात ‘मिरजेवरून येतो, कुर्डुवाडीस कोणी येऊ नये’ असे आहे. ते अगदी बरोबर आहे. बेळगावहून मीटर गेजने मिरज आणि मिरजेहून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने पंढरपूर, कुर्डुवाडी करीत बार्शी, असा तो मार्ग होता. पुण्याला वळसा घालण्याची गरज नव्हती. ज्या पत्रात हे वाक्य आहे ते बेळगावचे असणार, म्हणजे गठ्ठ्यातले ते शेवटचे पत्र धरून बाकीची त्याच्या मागे लावत जा.